येऊन राहिला

बेबीबाई कोणत्या पक्षाची, हे गावात कुणालाच सांगता आलं नसतं. झेंडा कुणाचाही असो, प्रचाराला आलेल्या प्रत्येकाला ती ओसरीवर बसवायची, पाणी द्यायची आणि एवढंच विचारायची, ‘‘मतदान कधी आहे?’’ रस्ता, नाली, धानाचा भाव यांवर कार्यकर्ता जे काही बोलायचा, ते एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून निघून जायचं. तिला निवडणूक आवडायची. ग्रामपंचायतीची, जिल्हा परिषदेची, आमदारकीची, खासदारकीची, कोणतीही. एखाद्या वर्षी एकही निवडणूक नसली की तिला ते वर्ष दुष्काळाचं वाटायचं.

कारण साधं होतं, आणि सांगायला जरा लाजिरवाणं. निवडणूक लागली की तिचा मुलगा घरी यायचा.

विदर्भातल्या अड्याळच्या बाजाराला पायी जाता येतं, इतक्या अंतरावर तिचं गाव. नवरा सेवकराम वारला, आणि वर्ष फिरायच्या आत एकुलता एक धर्मेंद्र तेलंगणात गेला. हैदराबादच्या अलीकडे गोळ्या-औषधांचा कारखाना होता, तिथं तो पॅकिंगला लागला. पुढं त्याचं लग्न झालं, डिंपलला तो घेऊन गेला, मुलगी झाली ती तिकडेच. बेबीबाई राहिली कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरात, दोन बांद्यांचं, दोन खाचरांचं धान, एक म्हैस आणि एक मोबाइल सांभाळत. दिवाळीला त्याला सुट्टी मिळायची नाही, कारण तिकडचा मोठा सण दसरा. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा भरायची, घरोघरी पाहुणे यायचे, रात्री दंडारीचं नाचगाणं व्हायचं. शेजारच्या शकुनबाईच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची, आणि बेबीबाईच्या अंगणात म्हैस रवंथ करत असायची.

मतदान म्हटलं की मात्र गोष्ट वेगळी. गावची बरीच पोरं त्याच भागात कामाला होती, आणि गावच्या निवडणुका चार-दोन मतांनी फिरणाऱ्या. मग उमेदवार गाडी पाठवायचा. कंपनीच्या साहेबालाही मतदानाला नाही म्हणता यायचं नाही. पहाटे ती गाडी देवळापाशी थांबायची, पोरं अंग मोडत उतरायची, आणि बेबीबाई लाखोरीच्या डाळीचे वडे तळायला घ्यायची. धर्मेंद्र दोन दिवस राहायचा. झोपायचा, खायचा, शिडी लावून कवेलू फेरायचा, म्हशीची पाठ थोपटायचा, ‘‘माय, तू बारीक झाली’’ म्हणायचा. मग बोटाला शाई लावून निघून जायचा. ज्याची गाडी, त्याला बेबीबाईचं मत. इतका सरळ हिशेब कुठल्या पक्षालाही जमलेला नाही.

मागच्या ग्रामपंचायतीच्या वेळी तर तिनं गावाला तोंडात बोट घालायला लावलं. भांडणं नकोत म्हणून मोठ्या माणसांनी समाजमंदिरात सभा घेतली आणि सगळ्या जागा बिनविरोध करायचं ठरवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेपरात गावाचं नाव येणार, बक्षीस मिळणार. बायकांच्या रांगेतून बेबीबाई उभी राहिली.

‘‘हे बराबर नाही,’’ ती म्हणाली. ‘‘लढले पाहिजे.’’

‘‘काहून जी मावशी?’’ किराणा दुकानवाला हिरालाल हसत म्हणाला. त्याला गावचा अर्धा कारभार तोंडपाठ होता आणि उरलेला अर्धा आपणच चालवतो असं वाटायचं. ‘‘तुमाले कोणी भांडाले पाहिजे काय?’’

‘‘भांडा, नाहीतर नका भांडू. पण मतदान ठेवा. कोणी उभं राहत नसन तं मीच उभी राहतो.’’

सभा खदखदून हसली. म्हातारीला सरपंचकीची हौस आली म्हणून पुढं कितीतरी दिवस तिची थट्टा चालली. तिला कसली हौस होती हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. निवडणूक बिनविरोध झाली, गावात गुलाल उडाला, आणि त्या वर्षी गाडी गेली नाही. बेबीबाईनं आधीच भिजत घातलेली डाळ शेवटी शकुनबाईला नेऊन दिली. त्या दिवशी ती घरी येऊन रडली, आणि रडताना तिला स्वतःचा रागही आला, कारण गावात भांडण झालं नाही म्हणून रडणारी ती एकटीच होती.

मतदार यादीचं काम रेणूकडं. ती अंगणवाडीची बाई, गल्लीतलीच सून. दर निवडणुकीच्या आधी ती घरोघरी फिरायची आणि यादीतलं प्रत्येक माणूस इथं राहतं का, ते विचारायची. जे राहत नाही, त्याचं नाव कटायचं. ही गोष्ट कळल्यापासून बेबीबाई सावध झाली होती. रेणू यायची कुणकुण लागली की ती पेटीतले धर्मेंद्रचे शर्ट काढून धुवायची आणि अंगणातल्या तारेवर वाळत घालायची.

‘‘धर्मेंद्र भाऊ इथं राहते का, मावशी?’’

‘‘येऊन राहिला ना,’’ बेबीबाई म्हणायची.

आमच्या झाडीपट्टीच्या बोलीची ही एक गंमत आहे. येतो आहे, असं म्हणायचं तर आम्ही ‘येऊन राहिला’ म्हणतो. येणं आणि राहणं एकाच दावणीला बांधलेलं. रेणूनं विचारलं राहतो का, आणि बेबीबाईनं सांगितलं येऊन राहिला. खोटं म्हणावं तर म्हणता येत नव्हतं. रेणू एकदा तारेवरच्या शर्टांकडं बघायची, घडी पडून पडून विरलेल्या त्यांच्या कडांकडं बघायची, आणि ‘‘बरं’’ म्हणून पुढच्या घरी जायची. तिलाही माहेर होतं आणि माहेरी आई होती.

हिरालालच्या दुकानापुढच्या बाकावर मोठमोठ्या गोष्टी चालायच्या. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी आटोपली की गप्पांना ऊत यायचा. तेलंगण पुढं गेलं, आपण मागं का, हा तिथला आवडता विषय. हिरालालचं म्हणणं, तिथलं सरकार कामाचं, जनता योग्य पक्षाला निवडून देते म्हणून कारखाने येतात. निवृत्त मास्तर टेकचंद म्हणायचे, पक्ष कोणताही असो, हैदराबाद आधीपासूनच मोठं होतं, निजामाच्या काळापासून. आपल्याकडचा पैसा पुण्या-मुंबईकडं वळतो, असं तिसरा म्हणायचा. विदर्भ वेगळा झाला की बघा म्हणून चौथा बाक वाजवायचा. पाचवा नुसताच तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळायचा, आणि त्याचंच मत त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटायचं.

एकदा बेबीबाई मीठ घ्यायला आली होती. पिशवी हातात धरून ती ऐकत उभी राहिली.

‘‘मले एक सांगा,’’ ती म्हणाली. ‘‘तिथलं सरकार चांगलं हाय म्हणून आपले पोरं तिकडं गेले, का आपले पोरं तिकडं गेले म्हणून तिथं चांगलं झालं?’’

‘‘हे म्हणजे आधी कोंबडी का आधी अंडं,’’ टेकचंद मास्तर म्हणाले.

‘‘कोंबडी बी तिकडंच गेली ना, मास्तर. अंडं बी तिकडंच.’’

सगळे हसले. तिला हसू आलं नव्हतं. ती मीठ घेऊन घरी आली.

त्याच आठवड्यात धर्मेंद्रचा फोन आला. रविवार असला की तो चित्र दिसणारा फोन करायचा. आधी नात पडद्यावर आली. ती तेलुगू शाळेत जायची आणि बेबीबाईला ‘नानम्मा’ म्हणायची. तिकडं बापाच्या आईला तसंच म्हणतात, हे धर्मेंद्रनं अनेकदा समजावलं होतं. तरी दर वेळी बेबीबाईचं मन खट्टू व्हायचं, की मी आजी असून नानी कशी झाली? नात दोन शब्द बोलून पळाली. मग धर्मेंद्र घसा खाकरत समोर आला.

‘‘माय, मी इथं नाव लावलो. मतदानाचं.’’

बेबीबाईनं फोन दुसऱ्या हातात घेतला.

‘‘रेणूवहिनी आली का तिले सांगजो, तो इथं राहत नाही म्हणून. दोन्ही जागी नाव ठेवता येत नाही, गुन्हा हाय. इथं घराच्या योजनेत अर्ज केला, तं सगळे कागद इथलेच पाहिजेत.’’

‘‘अन् इथचं मत?’’

‘‘इथं देऊन काय भेटलं, माय? तूच सांग. आपल्या इकडं कोणी कारखाना आणला? इथलं सरकार पाह्य, रस्ते पाह्य, कंपन्या पाह्य. ज्याच्या राज्यात पोट भरते त्यालेच मत द्यायले पाहिजे ना.’’

‘‘बरोबर हाय तुझं,’’ बेबीबाई म्हणाली. मग तिचा आवाज चढला. ‘‘शिकले-सवरले, हातपाय धड असलेले तुम्ही सगळे तिकडं जाऊन तिथलं सरकार निवडा. अन् इथलं कोणानं निवडायचं? मी अन् शकुनबाईनं? मग म्हणा, इथलं सरकार कामाचं नाही.’’

‘‘तू बी चाल ना इकडं. तुझं बी नाव लावतो.’’

‘‘माझी म्हैस लावतोस का यादीत?’’

तो हसला. तीही हसली, कारण फोन ठेवायच्या आधी दोघांपैकी कुणीतरी हसायला हवं होतं. दिवाळीला येतो म्हणाला. असं तो दर वर्षी म्हणायचा. दिवाळीला गाडी कोण पाठवणार?

त्यानंतरचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. म्हशीशी बोलायची, पण म्हैस किती बोलणार. तिनं दोन्ही बाजू पुन्हा पुन्हा तोलून पाहिल्या. येऊन राहिला म्हटलं तर नाव राहील, गाडी जाईल, तो येईल. पण तिकडं कुणी चौकशी काढली आणि घर हातचं गेलं तर? नात भाड्याच्या खोलीत वाढत होती, पावसात तिथं पाणी शिरायचं, हे डिंपलनं एकदा बोलता बोलता सांगून टाकलं होतं. आणि नाही म्हटलं, तर त्याचं नाव तिच्याच तोंडून कटणार होतं. ‘तो इथं राहत नाही’ हे सगळ्या गावात एकच वाक्य असं होतं, जे बोलायचा हक्क फक्त तिला होता, आणि तेच बोलावंसं तिला वाटत नव्हतं.

रेणू आली तेव्हा बेबीबाई अंगण सारवत होती. तारेवर काही नव्हतं.

‘‘धर्मेंद्र भाऊ...’’ रेणूनं मोबाइलवर नाव काढलं आणि आपणच म्हणाली, ‘‘येऊन राहिले ना?’’

म्हणजे पोरगी सांभाळून घ्यायला तयार होती. बेबीबाईनं शेणाचा हात तसाच धरला आणि मान हलवली. ‘‘नाही.’’

‘‘काय नाही, मावशी?’’

‘‘राहत नाही तो इथं.’’

रेणूनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. ‘‘यात कारण टाकावं लागते,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘मयत का स्थलांतरित, असं विचारते.’’

‘‘अवं, तोंड जळो त्या मोबाइलचं! जिता हाय माझा पोरगा.’’

‘‘तसं नाही जी मावशी. स्थलांतरित टाकतो. म्हणजे दुसरीकडं राहते.’’

‘‘हो, तेच टाक,’’ बेबीबाई म्हणाली. ‘‘दुसरीकडं राहते. चांगला राहते. हेही टाक.’’

तेवढं लिहायला त्यात जागा नव्हती, पण रेणूनं बोट फिरवून काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मग ती खाली बसली आणि उरलेलं अंगण तिनंच सारवून दिलं.

आमदारकीची निवडणूक लागली. देवळापाशी एका पहाटे गाडी आली, दुसऱ्यांची पोरं उतरली. बेबीबाईनं दार उघडलं नाही. वडे तळण्याचा वास शेजारून आला, तेव्हा तिनं चूल पेटवली आणि स्वतःपुरता भात ठेवला.

मतदानाच्या दिवशी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि ती शाळेत रांगेत उभी राहिली. आजवर तिला वाटेत कधी विचार करावा लागला नव्हता. कुणाची गाडी आली ते बघायचं, आणि ते चिन्ह दाबून मोकळं व्हायचं. या वेळी तिच्यासाठी कुणाचीच गाडी आली नव्हती. मत तिचं एकटीचं होतं, आणि ते कुणाला द्यायचं हा प्रश्न इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदाच पडला होता. बाकावरच्या माणसांचं बोलणं खरं असेल तर याच बटणांतून कारखाने येतात, रस्ते येतात, गेलेली पोरं परत येतात. आणि खोटं असेल तर काहीच येत नाही. यातलं कोणतं खरं, हे तिला कुणीच धड सांगितलं नव्हतं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागं ती यंत्रावर वाकली. नावं, चित्रं, पुन्हा नावं. ती एकेकावरून बोट नेत होती.

‘‘मावशी, बटण दाबा ना,’’ टेबलावरचा अधिकारी म्हणाला. ‘‘मागं लोक थांबले आहेत.’’

‘‘दाबतो ना बाबू,’’ आडोशामागून बेबीबाई म्हणाली. ‘‘यातला माझ्या पोराले वापस कोण आणते, तेवढं पाहू दे.’’

रांगेतलं कुणी हसलं नाही. अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं. यंत्राचा आवाज कितीतरी वेळ आला नाही.