सातव्या पायरीची चौकशी

मावशी बावीस वर्षं ऑफिसचा जिना पुसत होत्या. त्यांची पद्धत ठरलेली. आधी भिंतीकडची अर्धी पायरी पुसायची, ती वाळली की कठड्याकडची. म्हणजे माणसांना चालायला एक बाजू कायम कोरडी. हे शहाणपण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि ऑफिसातल्या एकाही हुशार डोक्याच्या ते कधी लक्षातही आलं नव्हतं.

त्या सकाळी मात्र त्या 'फरशी ओली आहे'चा पिवळा बोर्ड ठेवायला विसरल्या, आणि नेमके उपव्यवस्थापक साहेब सातव्या पायरीवरून गडगडले. पाय मोडला. झालं! एरवी साध्या सहीला महिना लावणाऱ्या ऑफिसने दोन दिवसांत चौकशी समिती उभी केली.

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळा संसार मावशींच्या या नोकरीवर. ती गेली तर काय, हीच एक धास्ती.

समितीत तीन साहेब आणि एक वकीलबाई.

"बोर्ड ठेवला होता का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही साहेब. विसरले. चूक झाली."

"मग संपलं की!" अध्यक्षांनी पेन उचललं. कारण शोधायचं म्हणजे सगळ्यात कमी पगाराचा माणूस शोधायचा, एवढीच त्यांची अक्कल.

वकीलबाईंनी त्यांना थांबवलं. "चूक झाली, कबूल. पण त्या चुकीनेच पाय मोडला का? बोर्ड असता तर साहेब पडले नसते का, ते आधी सांगा."

तिन्ही साहेबांनी समोरचे कागद चाळले. असला प्रश्न त्यांच्या छापील फॉर्मात नव्हता.

शेवटी मावशीच बोलल्या. "साहेब कठड्याकडून उतरत होते. ती बाजू मी अजून पुसलीच नव्हती. मीच उचललं ना त्यांना, पँट कोरडीठाक होती. सातव्या पायरीच्या कडेची पितळी पट्टी उचकटलीय. बुटाची टाच तिच्यातच अडकून राहिली होती."

"मग पट्टीचं आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं की! चार महिने झाले. हेडक्लार्कनी अर्ज लिहून दिला, मी सही केली."

"अर्ज गेला कुठे?"

कोपऱ्यात जबाब लिहून घेत बसलेले हेडक्लार्क मान खाली घालून उठले आणि उपव्यवस्थापकांच्या टेबलाचा खण उघडून अर्ज घेऊन आले. मंजुरीच्या सहीच्या जागी चहाच्या कपाचा गोल डाग होता.

मावशींना लेखी समज देऊन सोडलं. खणाबद्दल अहवालात अवाक्षर नाही. अपघाताचं कारण म्हणून लिहिलं होतं, 'जिना'. अर्ज पुन्हा होता त्या खणात गेला.

दीड महिन्याने साहेब काठी टेकत आले आणि जिन्यातच मावशींना म्हणाले, "बोर्ड ठेवत जा हं मावशी. बघा तुमच्यामुळे काय झालं माझं."

"ठेवलाय साहेब," मावशी म्हणाल्या. "सातवी पायरी आली, पाय उचला. अर्ज अजून तुमच्याच खणात आहे."