जयमालानं चूल घासली त्या दिवशी

जयमालाला हात रिकामा ठेवून बसता येत नाही. लग्नाच्या मांडवात बसली तरी शेजारणीच्या पदराचे सुटलेले धागे तोडत बसेल. उंद्रीत तिचं घर माझ्या घराला लागून आहे, म्हणून हा त्रास मला चांगला ठाऊक आहे. माझ्याकडे गप्पा मारायला येते आणि माझे डबे घासून जाते, वर ते किती घाण होते तेही ऐकवते.

अशा बाईचा नवरा अकोल्याच्या दवाखान्यात, छातीच्या ऑपरेशनसाठी. भागवतरावांजवळ एकाच माणसाला राहू देणार होते, म्हणून धाकटा भाऊ निवृत्ती गेला आणि ही घरी राहिली. "झालं की लगेच फोन करतो, वयनी," असं तो सांगून गेला होता. ऑपरेशन सकाळीच होतं.

त्या सकाळी तिनं दोनदा अंगण झाडलं. गाईला पाणी दाखवलं, तिला नको होतं तरी पुन्हा दाखवलं. फोन वाजेना. मग तिची नजर चुलीवर गेली.

घरात गॅस आहे, पण भाकरी आणि आंघोळीचं पाणी मागच्या पडवीतल्या चुलीवरच होतं. ती चूल भागवतरावांनी स्वतः लाल विटांत बांधली, वर पत्र्याचं धुराडं बसवलं. त्याचा धूर अर्ध्या गावाला दिसतो. विटा मात्र काजळीनं अशा काळ्या पडल्या होत्या, की त्या लाल आहेत हे सांगावं लागायचं. त्या दिवशी चूल थंडच होती. एकटीसाठी कुठे भाकरी टाकायची?

तिनं राख घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकली. कोरड्या खराट्यानं काजळी झाडली. मग विटा पाण्यानं भिजवल्या, कारण कोरडी वीट सोडा पिऊन टाकते आणि पांढरे डाग पडतात. धुण्याचा सोडा आणि मीठ कालवून तो लगदा विटांवर थापला, जरा मुरू दिला आणि नारळाच्या काथ्यानं घासायला बसली. सांधे जुन्या टूथब्रशनं घासले. धुराड्यात हात घातला तशी सगळी काजळी डोक्यावर आली. धुराडं साफ करा म्हणून दिवाळीपासून सांगत होते, ऐकलं नाही, म्हणून ती भागवतरावांवर चिडली. मग आजच्या दिवशी त्यांच्यावर चिडले म्हणून स्वतःवर चिडली. विटा लाल निघाल्या. फोन वाजला नव्हता.

तिनं डोक्यावरून पाणी घेतलं. ओली वीट आगीनं तडकते, म्हणून चूल वाळेपर्यंत पेटवायची नव्हती. केस मोकळे सोडून, फोन मांडीवर घेऊन ती उन्हात पायरीवर बसली. काजळीबरोबर कपाळाचं कुंकूही धुतलं गेलं होतं. ते पुन्हा लावायचं तिच्या ध्यानातच आलं नाही.

समोरच्या पुष्पाबाईंनी गच्चीवरून हे पाहिलं. सकाळपासून धूर नाही, राख उकिरड्यावर, चूल धुतलेली, केस ओले, कपाळ मोकळं. आमच्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी घेऊन जातात. पुष्पाबाईंनी कोणाला काही विचारलं नाही. मी चिखलीला बाजाराला गेले होते, नाहीतर मी विचारलं असतं. त्यांनी घाईनं पिठलं-भाकरी केली, गल्लीत दोन-चार घरी सांगितलं आणि शालूबाईला सोबत घेतलं. डोक्यावरून पदर घेऊन, झाकलेली टोपली पुढे ठेवून दोघी जयमालाच्या अंगणात गुमान बसल्या.

जयमालानं टोपलीकडे पाहिलं. अशी बातमी घरच्या बाईला कोणी आधी सांगत नाही, शेजारच्यांना कळवतात, हे तिलाही माहीत होतं.

"कोणाचा फोन आला तुमाले?" तिनं विचारलं.

शालूबाई रडायलाच लागली. पुष्पाबाई म्हणाल्या, "दोन घास खाऊन घे बाई. धीर धर."

"निवृत्तीनं तुमाले सांगतलं, अन् मले काऊन नाही सांगतलं?"

पुष्पाबाईंनी चमकून मान वर केली. "म्हंजे, तुले कोणी सांगतलं नाही?"

तेवढ्यात फोन वाजला. जयमालानं तो मांडीवरून दूर सारला. "मी नाही उचलत. तुमीच घ्या."

पुष्पाबाईंनी फोन घेतला. पलीकडून निवृत्ती बोलत होता, "वयनी, दादा शुद्धीवर आला. पानी मांगून राह्यला, पन डॉक्टर देऊ देत नाही." त्यांनी फोन तसाच जयमालाच्या कानाला लावला.

"हाव," एवढंच ती म्हणाली. मग उठली. आत जाऊन कुंकू लावलं, ते घाईत भुवईपर्यंत गेलं. बाहेर येऊन कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या ओढल्या आणि ओल्या चुलीत कोंबून काडी लावली.

"अवं, चूल ओली आहे. विटा फुटतीन," पुष्पाबाई म्हणाल्या.

"फुटू द्या."

एक वीट तडकली. घासलेल्या विटांवर काळे फराटे उठले, पडवी धुरानं भरली आणि मग धुराड्यातून धूर वर निघाला. तो नीट वर जातो का ते पाहायला जयमाला डोळे चोळत अंगणात आली. गल्लीच्या तोंडाशी आणखी तिघी झाकलेल्या टोपल्या घेऊन येत होत्या. त्यांनी धूर पाहिला, एकमेकींकडे पाहिलं आणि त्या तिथूनच मागे फिरल्या. त्या दिसेनाशा झाल्यावर जयमाला अंगणात मटकन बसली आणि मोठ्यानं रडली.