आत्याची बसकी मोटार

आत्या गेल्याची बातमी मला मालगुजारांच्या गड्याने आणली. गोंदियाला ज्या धानाच्या मिलमध्ये मी मोटार हाकतो, तिच्या फाटकाला सायकल टेकवून तो गडी, सुका, उभा होता. "बाई गेल्या सकारी," तो म्हणाला, आणि त्याच दमात पुढे, "आन मालकानं इचारलं, मोटारीचं हँडल कोनापाशी हाये?" बिचाऱ्याचा दोष नव्हता. त्याला दोन निरोप दिले होते, त्याने दोन पोचवले. पण ते एकत्र देणाऱ्या माणसाला मी तिथेच मनातल्या मनात शिवी हासडली.

तो माणूस म्हणजे गोविंदराव मालगुजार, आत्याचे धाकटे दीर. स्मशानात चार लोकांसमोर त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "वहिनी सोशिक होत्या. झालं-गेलं त्यांनी कधी मनात ठेवलं नाही," असं म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या... मी डोलावली नाही. माझी भागरता आत्या सोशिक मुळीच नव्हती. झालं-गेलं सगळं तिने मनात ठेवलं होतं, आणि मनात मावेना तेवढं खाटेखाली. हा मजकूर मी छापायला देतो आहे तो गोविंदरावांनी वाचावा म्हणून. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्याकडे येते, मला ठाऊक आहे.

आत्याचे यजमान तापाने गेले त्याच्या आदल्या पावसाळ्यात ती धानाच्या बांधीच्या चिखलात पडली होती, आणि तिचा उजवा पाय कमरेपासून आखडला होता. घरात एक जुनी उघडी मोटार होती, बदली होऊन गेलेल्या कुणा साहेबाकडून यजमानांनी हौसेने घेतलेली. तिची पायरी चांगली गुडघ्याच्या वर. यजमान असताना ते आत्याला हात देऊन चढवत. ते गेल्यावर नवऱ्याच्या हिश्श्यावर आपलं नाव लावून घ्यायला तिला तहसिलीत हजर राहायचं होतं. त्या सकाळी गोविंदराव घरापुढच्या छपरीत पान खात बसले होते. आत्याने पाय उचलला, पायरीला पोचला नाही. दाराला धरून पुन्हा उचलला. छपरीतले लोक हसले. हात द्यायला कुणी उठलं नाही. गोविंदराव ड्रायव्हरला म्हणाले, "चढल्या तं ने. नाई तं राहू दे." आणि मोटार तिच्या अंगावर धूळ उडवत रिकामीच गेली. तारीख टळली. पुढे जमीन गोविंदरावांच्या नावावर कशी चढली ते सगळ्या गावाला माहीत आहे. तिला मात्र पायरी चढता आली नव्हती.

वाटणीला पंच बसले तेव्हा तिच्या पदरात घराची एक खोली, मागची बांधी आणि ती मोटार पडली. गोविंदरावांनी स्वतःला नवी घेतली होती. "घ्या वहिनी, बसा आता मोटारीत," म्हणाले, आणि पुन्हा तेच हसू. आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बसतो." आमच्याकडच्या बायका असंच बोलतात, बसतो, जातो. पण त्या दिवशी तो शब्द मला फार ठणठणीत वाटला.

तिने मला बोलावून घेतलं, आणि झिंगरू लोहाराला. झिंगरू बैलगाड्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवणारा माणूस, बोलण्याला खंड नाही आणि कुरकुरीला अंत नाही. मोटार ज्यावर तोलते त्या कमानी म्हणजे एकावर एक बांधलेले पोलादी पाटे. त्यातले थोडे काढले की कमान ढिली पडते आणि मोटार खाली बसते, हे मी मिलमध्ये पाहिलं होतं. झिंगरूला पटेना.

"बाई, चांगली उभी मोटार कायले बसवता? खड्ड्यात आपटल तं पोट फुटल तिचं."

"मी कितीक दिस चढू तिच्यापर्यंत? तिलेच उतरव."

पहिल्या खेपेला आम्ही हावरटपणा केला. इतके पाटे काढले की आत्या आत बसताच टायर मडगार्डला घासू लागलं आणि जळक्या रबराचा वास सुटला. झिंगरूला आनंद झाला. मग प्रत्येक कमानीत एकेक पाटा परत घातला, तेव्हा जमलं. मोटार वीतभर बसली. आत्या आखडलेला पाय हाताने उचलून आत ठेवी आणि कुणाचा हात न घेता बसे. एकच अडचण राहिली, मागे एकाहून जास्त माणूस चालत नसे.

काढलेल्या पाट्यांवर झिंगरूचा डोळा होता. "झकास पावशी होईल बाई, कोहळा लोण्यावानी चिरल." आत्याने नाही म्हटलं. पाटे तिने खाटेखाली ठेवले. दर दसऱ्याला ती ते बाहेर काढी, तेल लावी, हळदकुंकू वाही आणि परत ठेवी. मला वाटे, म्हातारीचा छंद.

बाजाराच्या दिवशी मिलला सुटी असे, मी तिची मोटार हाकायला येई. आत्या मोटार आधी गोविंदरावांच्या छपरीसमोर थांबवायला लावी. उतरे, इकडेतिकडे बघे, पुन्हा बसे. मग मला म्हणे, "वाजव." मी भोंगा वाजवी, आणि आम्ही निघू. गोविंदराव त्या मोटारीला बसकी म्हैस म्हणत, पण बैठकीतलं हसू कमी होत गेलं.

मग त्यांचेच गुडघे गेले. नवी मोटार उंच. ती बसवून घ्यावी तर बसक्या म्हशीला हसलेलं तोंड कुठे लपवावं? नागपूरला औषधाला जायचं होतं, तेव्हा काठी टेकत आत्याच्या दारात आले. "वहिनी, टेसनापर्यंत सोडता का?"

"मोटार कमजोर हाये, भाऊजी. मांगं एकच मानूस बसते."

"मंग..."

"तो मानूस मी आहो," आत्या म्हणाली, आणि मला बाजारात काही काम नसताना बाजारात न्यायला सांगितलं. गोविंदराव बैलांच्या खासरात बसून स्टेशनला गेले. वाटेत आम्ही त्यांना ओलांडलं. मी भोंगा आपणहून वाजवला. तो आनंद अजून माझ्या अंगात आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

शेवटच्या भेटीत तिला नीट बोलवत नव्हतं. तरी माझं मनगट धरून म्हणाली, "मी गेली का भाऊजी मोटार मांगतील. नाई म्हनू नोको. देजो. फकस्त... पाटे आधी बसवजो."

तेरवीला गोविंदरावांनी स्वतः विचारलं. म्हणाले, आता पडून राहील, मला चढायला बरी. मी म्हटलं, हो, आणून देतो. झिंगरू आता थकला आहे, पण पाटे ओळखताच तो कुरकुर न करता कामाला लागला. कुठे गंज नव्हता. मोटार होती तशी उंच उभी राहिली.

मी ती छपरीसमोर लावली, मोटार सुरू करायचं हँडल गोविंदरावांच्या हातात दिलं आणि दार उघडून धरलं. लोक जमले होते. त्यांनी पाय उचलला... पायरीला पोचला नाही. त्यांनी एकदा पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना सगळं कळलं.

"चढले तं नेतो, मालक," मी म्हणालो. "नाई तं राहू द्या."

मोटार अजून त्यांच्या दारात उभी आहे. आत्याच्या खोलीत खाटेखाली, जिथे पाटे असत, तिथे जमिनीवर तेलाचे लांब डाग पडले आहेत. परवा सारवायला बाई आली, तिला मी तेवढी जागा सोडून सारवायला सांगितलं.