पत्र्यावरचा तळहात

सिंगापूरच्या दक्षिणेकडच्या एका बेटावर मी पोस्टडॉक करत होतो. सकाळच्या फेरीबोटीत एक म्हातारे चिनी अंकल रोज असायचे. बाकीचे प्रवासी फोटो काढायचे. हे समुद्राकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. नाडी बघावी तसा एक तळहात बोटीच्या पत्र्यावर ठेवून, डोळे मिटून बसायचे. मला ते नाटकी वाटायचं.

मी समुद्राखालचे आवाज रेकॉर्ड करतो, असं एकदा सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. तरुणपणी ते एका थंड देशात, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पर्यटकांना व्हेल दाखवणाऱ्या बोटीवर होते. पाण्यात माइक सोडून हंपबॅक जातीच्या व्हेलचे हुंकार ऐकवायचे.

"किलर व्हेल शिकारीला निघाले की गप्प असतात," ते म्हणाले. "मग हंपबॅकही गप्प होतात. आवाजाला भिऊ नकोस. तो थांबला की भी."

मी हसलो. "इथे कुठून येणार किलर व्हेल, अंकल?"

"किलर व्हेल येतात, असं मी कुठे म्हटलं?"

इथल्या पाण्याखाली कोळंब्यांचा तडतडाट अखंड चालतो, कढईत भजी तळल्यासारखा. मधेच तो थांबला, की माइक बिघडला असं धरून मी तेवढा तुकडा पुसून टाकायचो. त्या दिवशी मात्र पुसला नाही, ऐकला. अकरा मिनिटं काहीच नव्हतं. मग त्या शांततेतच आमच्या फेरीबोटीचं इंजिन जवळ आलं आणि लांब गेलं. म्हणजे माइक चालू होता; कोळंब्याच गप्प झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बोटीत मी अंकलच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरकून, पत्र्याला हात पोचेल एवढी जागा करून दिली.