अब्दोनने न दिलेलं रक्त

अब्दोन वामानी माझ्या लेकीचा पाद्रिनो. पेरूच्या डोंगरातल्या आमच्या आबांकायमध्ये पाद्रिनो म्हणजे दुसरा बापच; तो मुलीच्या आईला कोमाद्रे म्हणतो, ती त्याला कोंपाद्रे. नायेली दोन वर्षांची असताना रिवाजाप्रमाणे तिच्या जावळाची पहिली बट त्याने कापली आणि त्याच दिवशी एक गाभण मेंढी आमच्या दारात आणून बांधली. तो ट्रक चालवतो. आठवडाभर खाली जंगलात, पुएर्तो माल्दोनादोला, मग घरी. प्रार्थनेला जायला लागल्यापासून त्याने चिचाला, म्हणजे आमच्या मक्याच्या दारूला, तोंड लावलेलं नाही.

मागच्या वर्षी नायेली भिंतीवरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनला रक्त लागणार होतं. आमच्याकडे रक्तासाठी माणसं घरच्यांनीच आणायची असतात. परक्याचं रक्त मला नकोच होतं. कावीळ, एड्स, नको नको ते वाचलं होतं. कॉलेजात शिकले खरी, पण तेव्हा एवढंच कळत होतं की घरच्या माणसाचं रक्त स्वच्छ. म्हणून रक्तगट जुळणाऱ्या अब्दोनलाच बोलावलं आणि लेकीला याचंच द्या म्हणून हट्ट धरला.

नर्सने त्याला आत नेऊन दार लावलं. आम्ही सगळे बाहेर बाकावर बसलो. थोड्या वेळाने तो शर्टाची बाही खाली करत बाहेर आला.

"नाही घेत म्हणतात. काल जरा चिचा झाली."

माझा दीर विल्बर ही संधी सोडतोय थोडाच. "वा, पाद्रिनो. बट कापायला पुढे, मेंढी मिरवायला पुढे, आणि सुई दिसली की चिचा आठवली."

अब्दोन नुसता हसला. मी त्याच्या जवळच उभी होते. त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता, दारूचा नाही. खोटं बोलतोय हे कळलं आणि वाटलं, घाबरला. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

शेवटी नायेलीला साठ्यातलं रक्त दिलं. कुणीतरी माणूस दरवर्षी आपण होऊन येतो, त्याचं हे, दरवेळी तपासलेलं, असं नर्स समजावत होती. तरी नळीतून पडणारा प्रत्येक थेंब मी जीव मुठीत धरून बघत होते.

ऑपरेशन नीट झालं. पोर कुबड्या घेऊन अंगणात फिरायला लागली, तेव्हा एका दुपारी अब्दोन कोवळी कणसं घेऊन आला. मी वालपापडी सोलत होते. मान वर केली नाही.

"कोमाद्रे, मी प्यालो नव्हतो," तो म्हणाला. "खाली पुएर्तोत एक बाई होती. नुकतंच झालं होतं. नर्सने नेमकं तेच विचारलं. विषाणू नुकता शिरला असेल तर तपासणीतही सापडत नाही म्हणाली. रक्त चांगलंच दिसतं."

माझे हात थांबले. "नाही म्हणाला असतात तर तिला काय कळणार होतं, कोंपाद्रे?"

"तेच मनात आलं होतं. तुम्ही सगळे दाराशी बसलेले. पण पोरीची पहिली बट मी कापलीय."

ठरलेल्या मुदतीनंतर त्याने तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. त्याच्या बायकोला, सातुर्नीनाला, सगळं सांगावंच लागलं, कारण तिचंही रक्त तपासायचं होतं. ती अजून त्याच्याशी धड बोलत नाही, आणि तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. प्रार्थनेतली माणसं मात्र त्याला अजून दारुडाच समजतात.

नायेलीच्या वाढदिवसाला विल्बरने चिचाने भरलेला पेला त्याच्यापुढे आदळला. "घ्या, पाद्रिनो. आज सुई नाही."

सगळे हसले. अब्दोनही हसला. खरं काय ते मला बोलता येत नव्हतं. मी हात लांब करून त्याच्यापुढचा पेला उचलला आणि एका दमात संपवला.