डबीत न टाकलेली गोळी

माझी बायको गोळ्या चुकवायची, म्हणून तिला अर्धांगवायूचा झटका आला, असं आमच्या घरात सगळे धरून चालतात. मुलगा बोलतो, सून मान डोलावते, गावाहून मेहुण्याचा फोन आला तरी तेच. ते खोटं आहे. चुकवायला तिच्या हातात गोळ्या होत्याच कुठे? सात खणांची डबी दर रविवारी मी भरायचो आणि त्यातलं सगळं ती निमूट घ्यायची.

कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली आणि तिचे पाय दुखायला लागले. विक्रोळीत चढावर आमचं घर. बाजारातून मासळी घेऊन येताना ती मध्येच कुणाच्या तरी पायरीवर बसायची. "माझे मेले पाय कळ मारतत," म्हणायची. सकाळच्या कट्ट्यावर एकाने मला सांगितलं, त्या गोळीने अंगातलं कोक्यूटेन, म्हणजे स्नायूंना ताकद देणारं द्रव्य, कमी होतं, वरून त्याची कॅप्सूल द्या. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "द्यायची तर द्या, सगळ्यांना फरक पडतोच असं नाही. पण काका, मूळ गोळी बंद करू नका. दुखणं तसंच राहिलं तर त्यांना घेऊन या, बदलून बघू."

ती केशरी कॅप्सूल दिली. दुखणं तसंच राहिलं. मी तिला घेऊन गेलो नाही.

जन्मभर कारखान्यात फिटर होतो. मशीन आवाज करायला लागलं की एक भाग काढून बघायचा. आवाज थांबला की दोष सापडला. बायकोच्या बाबतीत तेच केलं. एका रविवारी कोलेस्टेरॉलची गोळी डबीत टाकलीच नाही, केशरी कॅप्सूल तेवढी ठेवली. तिला बोललो नाही. बोललो असतो तर तिने डॉक्टरांना विचारलं असतं.

पाय दुखायचे थांबले. ती न बसता चढ चढू लागली. "अगो, ती केशरी गोळी घे," असं शेजारणीला सांगायची. मला म्हणाली, "डॉक्टरापेक्षा तुम्हीच बरे हो." मी हसलो. ते हसणं मला अजून आठवतं.

नारळीपौर्णिमेला खोबरं खवताना तिचा हात विळीवरून घसरला आणि तोंड वाकडं झालं. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. इस्पितळात मुलाने विचारलं, "आई, गोळी रोज घेत होतीस ना?" ती होय म्हणून जोरजोरात मान हलवत होती. "कसली घेत होतीस! कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बघ तुझा." मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तेवढ्यानेच झालं असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला त्याचा आधार झाला नाही.

मागच्या आठवड्यात घरात कुणी नसताना तिला सगळं सांगितलं. ऐकलेलं तिला कळतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मग भिंतीकडे. संध्याकाळी गोळी पुढे केली तर ओठ मिटून घेतले. तेव्हापासून ती माझ्या हातून काही घेत नाही, पाणीसुद्धा नाही. सुनेच्या हातून घेते.

काल मुलगा म्हणाला, "बघा बाबा, हिला पहिल्यापासून गोळ्यांचा कंटाळाच." तिने डावा हात उशीवर आपटला. पुन्हा आपटला.

तोंडाने मला जमणार नाही, म्हणून हे लिहिलं. मुलगा कामावरून आला की त्याच्या हातात देईन. तिची वाचा परत येणार नाही, माझ्या हातचं पाणीही ती घेणार नाही. तिला पुन्हा हात आपटावा लागू नये, एवढंच.