चपलांपाशी थांब

दादाने फोनवर बजावलं, "बाबांना आता कुठे लांब नेऊ नकोस." त्याच आठवड्यात मी तिकिटं काढली.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, पुण्यात इंजिनियर. बाबा साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायचे. भूमध्य समुद्र ते फळ्यावर हात न उचलता काढायचे आणि मग किनाऱ्यावर खडूने जुनी बंदरं टिंबटिंब करत मांडायचे. तो किनारा एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची हौस. दादा पहिल्या पगारापासून "नेतो, नेतो" म्हणत होता. नुसतं म्हणाला तरी घरात त्याचं कौतुक व्हायचं. मी बारावीला दोनदा आपटलो. न्यूझीलंडला येऊन 'ते रापा' नावाच्या गावातल्या दूध कारखान्यात फरशा धुतल्या, शनिवार-रविवारच्या बाजारात ब्लँकेटं विकली आणि शेवटी ओटाहुहु नावाच्या उपनगरात सूटकेसांचं स्वतःचं दुकान टाकलं. त्याचं कौतुक झाल्याचं मला आठवत नाही. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले, तेव्हाही पहिल्या दिवशी दुकानाकडे बघून म्हणाले, "दादाला फोटो पाठव, त्याला बरं वाटेल."

त्यांना विसरायला व्हायला लागलं होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की विचारायचे, "कोणत्या तुकडीत?" डॉक्टर म्हणाले, प्रवासाला हरकत नाही, फक्त एकटं सोडू नका. आमच्याकडचा हिवाळा, तिकडचा उन्हाळा. मुलगी मागे घरी राहिली; मी, बायको आणि बाबा, असे आम्ही भूमध्य समुद्राकाठच्या जेनोआला पोहोचलो आणि तिथून एक दिवसाची सहल घेतली. सकाळी बसने निघायचं, किनाऱ्यावरची तीन जुनी गावं बघायची, दुसऱ्या गावाहून तिसऱ्या गावाला होडीने जायचं, संध्याकाळी परत.

पहिल्या गावात बाबा इतके खूश होते की मला वाटलं, आजार वगैरे काही नाहीच. धक्क्यावर उभं राहून त्यांनी बसमधल्या अनोळखी बाईला मराठीतून वारे समजावून सांगितले. ती मान डोलवत होती. बायको मला म्हणाली, "अहो, बघा तरी त्यांच्याकडे. असं तोंड वर्षात पाहिलं नव्हतं."

दुसरं गाव डोंगराच्या उतारावर होतं. त्याचं नाव मला घ्यावंसं वाटत नाही. वर चर्च, खाली बंदर, मध्ये दगडी पायऱ्यांचं जाळं. चर्चच्या दाराशी बाबांनी बूट काढायला सुरुवात केली. आमच्याकडच्या माउंट वेलिंग्टनच्या मॉलमधून मीच घेतलेले ते काळे बूट होते, नाडीऐवजी पट्टी चिकटवायचे.

"बाबा, इथे काढत नाहीत. सगळे घालून चाललेत बघा."

"देव त्यांचा असला तरी दार देवाचंच आहे ना?"

आणि त्यांनी बूट आयुष्यभर ठेवत आले तसेच ठेवले. एक दाराच्या खांबापाशी, दुसरा पार पलीकडे, लिंबाच्या कुंडीमागे. जोडी एकत्र दिसली की चोर उचलतो, एकट्या बुटाला कोण हात लावणार, हा त्यांचा हिशेब.

तेवढ्यात गाइडबाईने जाहीर केलं की समुद्र खवळलाय, होडी रद्द, पुढे बसनेच जायचं. मी खाली बघितलं. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा होता. माझं डोकं फिरलं. चर्चच्या आत, मेणबत्त्यांच्या समोर मी तिच्याशी भांडत होतो. छापील पत्रकात होडी आहे, तुम्ही होडीचे पैसे घेतलेत, होडी द्या नाहीतर पैसे द्या. ती "सर, सर" करत चालत राहिली, मी तिच्या मागे. बाजूच्या दाराने सगळा घोळका बाहेर पडला आणि पायऱ्या उतरून खाली बसपाशी आला. बायकोला वाटलं, बाबा माझ्याबरोबर पुढे आहेत. मला वाटलं, तिच्याबरोबर मागे आहेत.

बसच्या दारात बायकोने विचारलं, "बाबा कुठेत?"

मी त्या पायऱ्या कशा चढलो ते माझं मला माहीत. चर्च दुपारसाठी बंद झालं होतं. मोठं दार लावलेलं, अंगणात चिटपाखरू नाही. खांबापाशी एक बूट. फक्त एक. मी दारावर मुठी आपटल्या. आतून काही आलं नाही. कुंडीमागचा दुसरा बूट मला त्या वेळी आठवलासुद्धा नाही. मला एवढंच दिसलं की माझा म्हातारा बाप या परक्या गावात एक बूट घालून, एक पाय अनवाणी असा कुठेतरी भटकतोय. खिशात पासपोर्ट नाही, फोन नाही, हॉटेलचं नाव माहीत नाही, आणि तोंडातून मराठीशिवाय दुसरी भाषा येईल याची खात्री नाही.

तो बूट उचलला आणि गल्ल्यांमधून पळत सुटलो. भेटेल त्याच्या नाकासमोर बूट धरत होतो. "ओल्ड मॅन. इंडियन. माय फादर." आइस्क्रीमवाल्याने खांदे उडवले. जाळी विणत बसलेल्या माणसाला वाटलं मी बूट विकतोय. त्याने हात हलवून नको म्हटलं. एरवी मी हसलो असतो. धक्क्याच्या टोकाला जाऊन मी पाण्यात बघितलं. खरंच बघितलं. तळाचे दगड दिसत होते, आणि त्यात काही काळं दिसतंय का ते मी शोधत होतो.

परत बसपाशी आलो तर गाइडबाई घड्याळ दाखवायला लागली.

"सर, तिसऱ्या गावातली वेळ ठरलेली आहे. बाकीच्यांचा दिवस वाया जातोय. मी पोलिसांना कळवलंय."

"होडीचं सोडलं," मी म्हणालो. "पैसे नकोत. तक्रार करणार नाही. थोडा वेळ द्या."

"दिलाय, सर."

"आणखी द्या. तिसरं गाव आम्हाला नको. जेवण नको. काय पाहिजे ते सांगा."

उभ्या आयुष्यात मी असा सौदा केला नव्हता. समोरच्याला आपली गरज कळू द्यायची नाही, हे बाजारात पहिल्या महिन्यात शिकलो होतो. इथे माझी गरज हातात बूट घेऊन उभी होती आणि सगळी बस काचेतून बघत होती. बायको मात्र बसच्या पायरीवर मांडी घालून बसली आणि दाराची दांडी धरली. "आता लावा दार," मराठीतूनच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "अहो, भांडू नका. आठवा. ते कुठे जातील?"

मला वाटतं, तिने 'आठवा' म्हटलं म्हणूनच आठवलं.

लहानपणी आमच्या भागात एका टेकडीवरच्या देवीची जत्रा भरायची. पायथ्याशी चपला काढताना बाबा आम्हा दोघांना दरवर्षी एकच सांगायचे, "चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही. चपलांपाशी येऊन थांबायचं. मी तिथे येणारच." एका वर्षी मी चुकलो. सांगितल्याप्रमाणे चपलांपाशी येऊन थांबलो. ढीग कमी होत गेला. शेवटी माझ्या एकट्याच्या चपला उरल्या. दादाला ताप भरला होता, म्हणून बाबा त्याला सायकलवर घालून घरी गेले होते. मी काकूबरोबर असेन असं त्यांना वाटलं. ते आले तेव्हा दिवेलागण झाली होती. काही बोलले नाहीत, मला सायकलवर बसवलं. पण ते मी आजतागायत विसरलेलो नाही, आणि दादाचा फोन आला की पहिलं तेच आठवतं.

चपलांपाशी. आणि तिथला बूट मी उचलून आणला होता.

पायऱ्या पुन्हा चढताना छातीत कळ येत होती. पडलो तर पडलो, पण वर जाऊन पडू, एवढंच डोक्यात होतं. अंगणात पोहोचलो. बाबा खांबाला टेकून बसले होते. दुसरा बूट मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला. पायांत फक्त मोजे, ते फाटलेले, एका अंगठ्याला रक्त. चर्चला वळसा घालून कुठल्या कुठल्या गल्ल्यांतून तापल्या दगडांवर चालत ते तिथे आले होते. डोळे रडून लाल झाले होते.

"एक चोरीला गेला," ते म्हणाले.

"नाही बाबा, हा काय. माझ्याकडे आहे. चला, घाला. बस थांबलीय."

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "तू आलास ते बरं केलंस. ताप उतरला?"

ते मला दादा समजत होते.

"उतरला. चला."

"असं कसं चला? बारक्या यायचाय अजून."

बारक्या म्हणजे मी.

"तो बसमध्ये बसलाय, बाबा."

"खोटं बोलू नकोस. त्याला मी चपलांपाशी थांब म्हणून सांगितलंय. तो येणार आणि इथे कोणी नसणार. एकदा झालंय तसं. तू जा खाली. मी हलणार नाही."

मी हात धरून ओढलं, त्यांनी झटकला. ओरडलो, "अहो, मीच बारक्या!" ते घाबरून खांबाला आणखी चिकटले. खालून बसचा हॉर्न आला. एकदा, मग लांबलचक एकदा. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना ती जत्रा आठवतसुद्धा नसेल. आता आठवत होती, आणि त्यात माझी जागा मोकळी होती. मी समोर उभा असून ती भरत नव्हती.

मग मी बूट-मोजे काढले. माझा एक बूट खांबापाशी ठेवला, एक कुंडीमागे. अनवाणी चर्चच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, भिंतीआड थांबलो, डोळे पुसले आणि धावत परत आलो.

"बाबा!"

"आलास?" त्यांनी मान वर केली. "केवढा उशीर रे, बारक्या. पाय बघू. भाजले का?"

त्यांनी खरंच माझा तळवा हातात घेऊन बघितला. मग मी त्यांचे बूट चढवले, पट्ट्या चिकटवल्या. खाली उतरलो तेव्हा बस गेली होती. रस्त्याच्या कडेला आमच्या पिशव्या आणि बायको. "तिघांनी उचलून खाली ठेवलं मला," ती म्हणाली. तिसरं गाव आम्ही परतीच्या लोकल गाडीतून बघितलं. एक बोगदा संपला की तेवढं दिसायचं. बाबा झोपले होते.

दादाला यातलं काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तो "बघ, मी म्हणालो होतो" म्हणेल, आणि ते माझ्याकडून ऐकून घेववणार नाही.

आता बाबा दुपारनंतर मला ओळखत नाहीत. दुकान बंद करून घरी आलो की मी गाडीपाशीच बूट काढतो, दाराबाहेरच्या लाकडी डेकवर एक इकडे, एक तिकडे ठेवतो आणि अनवाणी दारातून हाक मारतो. बरेच दिवस ती युक्ती चालली. मुलीने एकदा सगळे जोडे नीट लावून ठेवले तर मी तिच्यावर एवढा ओरडलो की ती म्हणाली, "डॅड, चिल, दे आर जस्ट शूज." तिला काय सांगू?

परवा मी हाक मारली. बाबांनी वर बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं. मग शेजारची खुर्ची सरकवून म्हणाले, "बसा ना. माझा धाकटा येईलच आता."

मी बसलो. आम्ही दोघं दाराकडे बघत राहिलो.